घरचं स्थळ

नौपाड्यात पूर्वी गल्लीला एकतरी लग्न जमवणारं माणूस असायचं. आता मुलं आपापली जमवतात, आणि आईवडिलांना फक्त हॉल बुक करायला सांगतात. शुभदाताई आठल्ये अजूनही जमवतात, पण त्यांचं खातं वेगळं आहे. कुठल्या वाचकाला कुठला ई-रीडर लाभेल हे त्या सांगतात, आणि त्यांचा शब्द ठाण्यापासून ठाकुर्लीपर्यंत मानला जातो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या त्यांच्या मैत्रिणी कोणी भजनी मंडळात गेल्या, कोणी परदेशी नातवंडं सांभाळायला. शुभदाताईंना सूर नव्हता आणि बंगळुरूच्या लेकीची मुलं पाळणाघरात सुखी होती, तेव्हा त्यांनी हा उद्योग धरला.

लेकीने, म्हणजे ऋजुताने, त्यांना एक ई-रीडर पाठवला आणि तिथून सगळं सुरू झालं. शेजारणीने तो पाहिला, तिच्या भावाने तसाच मागवला, त्याला तो अजिबात मानवला नाही. तेव्हा शुभदाताईंच्या लक्षात आलं की यंत्रात खोट नसते, जोडी चुकते. यंत्रात किती पुस्तकं मावतात, बॅटरी किती टिकते, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "ते खोक्यावर छापलेलं असतं. वाचकावर काही छापलेलं नसतं, म्हणून त्याला बघायला जावं लागतं."

आणि त्या खरंच बघायला जात. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत दोन-तीन जुनी यंत्रं. यजमानीण पोहे करी, शुभदाताई ते चवीने खात, हवापाण्याच्या गप्पा होत. मग बशी खाली ठेवून त्या म्हणत, "आता जरा वाचून दाखवा." पूर्वी मुलीला चालून दाखव म्हणायचे, त्याच चालीवर. माणूस कुठे बसतो, कुठल्या हातात धरतो, कधी जांभई देतो, सगळं त्या न बोलता टिपत.

बाळकुमच्या टॉवरमधला नील असाच एकदा समोर बसला. त्याला बाजारातला सगळ्यात भारी ई-रीडर हवा होता. एक पान वाचून होईपर्यंत त्याने फोन इतक्यांदा उचलला की पोहे गार झाले. मागच्या कपाटात पुस्तकं रांगेने उभी होती आणि निम्म्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. शुभदाताईंनी निकाल दिला की तुला यंत्र नको, कपाटाला अजून एक फळी लावून घे. "काकू, मी ऑफर पण बघून ठेवलेली ना," तो म्हणाला, पण निकाल फिरला नाही. उलट, त्याची बायको वल्लरी एका कडेवर बाळ घेऊन दुसऱ्या हाताने वाचते हे त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहून ठेवलं होतं. तिला त्यांनी एका हातात मावणारा छोटा ई-रीडर सुचवला, आणि नील आठवडाभर घुश्शात होता.

खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या चंद्रभागेची गोष्ट निराळी. ती मासळी विकता विकता रहस्यकथा वाचते आणि गिऱ्हाइकाला प्रकरण संपेपर्यंत थांबवते. तिच्या भाच्याने तिला बोट लावलं की पान उलटणारं यंत्र आणून दिलं होतं. ओल्या हाताचं पाणी काचेवर पडे आणि पानं आपोआप पुढे पळत. "बाय, मी हिकडं पापलेट धुतंय आन् यो डबा आपलाच पुढं चाललाय," ती शुभदाताईंना म्हणाली. "मेला कोन ते कलायच्या आधी मारला कोनी ते कलला." तिला पाण्याला न भिणारं, बटणांनी पान उलटणारं यंत्र मिळालं. आठल्यांकडे मासे चालत नाहीत, म्हणून तिने उपकाराची फेड नारळांनी केली.

ठाकुर्लीचे चांगदेवराव उताणे झोपून वाचत आणि तिसऱ्या ओळीला घोरायला लागत. जड यंत्र नाकावर आदळून त्यांच्या नाकाला कायम पट्टी असे. शुभदाताईंनी त्यांच्यासाठी सगळ्यात हलकं यंत्र निवडलं आणि वर सल्ला दिला की कुशीवर वळून वाचा, म्हणजे पडलं तरी गादीवर पडेल. असं ज्याचं त्याला मिळत गेलं आणि नौपाड्यात शुभदाताईंचं नाव झालं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगाच नाही. शुभदाताईंचं एकच स्थळ जमत नव्हतं, आणि ते घरातच होतं.

त्र्यंबकराव आठल्ये वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्य नकाशे काढण्यात गेलं, त्यामुळे उजव्या कानामागे पेन्सिल असायची, ती निवृत्त झाल्यावरही राहिली. माणूस मुलखाचा वाचणारा. पण दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाचा, पण मोठं अक्षर वाचा. वाचनालयातल्या पुस्तकांचं अक्षर काही डॉक्टरांना विचारून छापलेलं नव्हतं. त्र्यंबकरावांनी वाचनालयात जाणं सोडलं आणि कोणी विचारलं तर म्हणू लागले की वाचून झालं सगळं.

आता अक्षर हवं तेवढं मोठं करून देणारी यंत्रं जिच्या पिशवीत, तिच्याच नवऱ्याने वाचणं सोडावं? शुभदाताईंनी लगेच एक यंत्र आणलं. त्र्यंबकरावांनी ते दोन दिवस हाताळलं, "छान आहे" म्हणाले, आणि बाल्कनीत पेपर उडू नये म्हणून त्यावर ठेवलं. दुसरं आणलं, त्याचा उजेड त्यांना फार आवडला. वीज गेली तेव्हा त्यांनी त्या उजेडात कॉटखालची चप्पल शोधली. तिसरं मोठ्या काचेचं होतं. ते "उत्तम आहे" म्हणाले आणि जसं होतं तसं खोक्यात घालून ठेवलं. नाकारलेली यंत्रं दुसऱ्या घरी नांदायला गेली आणि तिथे सुखाने नांदली, त्यामुळे तर शुभदाताईंची जास्तच पंचाईत झाली. वाचनालयाच्या कार्यकारिणीतल्या बायका काळजीच्या सुरात चौकशी करत आणि वळल्यावर हसत.

त्या हसण्याचं शुभदाताईंना खरं तर काही वाटत नव्हतं. त्यांना घरातल्या शांततेची भीती वाटायला लागली होती. त्र्यंबकराव वाचायचे तेव्हा बाल्कनीतून मधूनमधून "छे!" असा आवाज यायचा. लग्न झाल्यापासून तो आवाज घरात होता. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असताना त्या वैतागायच्या, या माणसाला कुठलंच पुस्तक पसंत नाही म्हणायच्या. आता तो आवाज बंद झाला होता. त्र्यंबकराव खुर्चीत बसून खाली कोणाची गाडी कशी वाकडी लावली आहे ते बघत, आणि त्याबद्दलही काही बोलत नसत. माणूस समोर बसलेला असून घरातून थोडा थोडा निघून चालला आहे, असं शुभदाताईंना वाटे.

एका दुपारी वल्लरी बाळाला घेऊन आली. नवा ई-रीडर किती सोयीचा आहे ते सांगून झाल्यावर तिने सहज विचारलं की काका कसे वाचतात. शुभदाताई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. काका बाल्कनीत बसतात, चहा घेतात, चष्मा पुसतात, इथवर त्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाला त्यांनी वाचायला लावून पाहिलं होतं, आणि घरातल्या माणसाला बघायला काय जायचं, म्हणून तीन यंत्रं न बघताच गळ्यात मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि पोहे केले. बाल्कनीत त्र्यंबकरावांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. बशी रिकामी झाल्यावर पिशवीतून आपला स्वतःचा ई-रीडर काढला, अक्षर मोठं केलं आणि पुढे धरला.

"आता जरा वाचून दाखवा."

"काय गं, मला बघायला आलीस की काय?"

"हो," शुभदाताई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने वाचायला घेतलं. कुठलीशी कादंबरी होती. अक्षर दिसत होतं, डोळे ओळीवरून नीट सरकत होते, पानं उलटत होती. मग एका ठिकाणी त्यांच्या कपाळाला आठी पडली. उजवा हात आपोआप कानामागे गेला, पेन्सिल घेऊन काचेच्या कडेशी आला आणि अधांतरी थांबला. तिथे काहीच करता येण्यासारखं नव्हतं. पेन्सिल परत कानामागे गेली, आठी मोडली, आणि त्र्यंबकरावांनी ई-रीडर हळूच टेबलावर ठेवला.

शुभदाताईंना एकदम सगळं आठवलं. वाचनालयाच्या पुस्तकांत समासात पेन्सिलीने शेरे मारणारे वाचक ठाण्यात काही कमी नाहीत, पण त्र्यंबकराव त्यांच्यातले अग्रगण्य. नकाशे काढणारा माणूस, त्यामुळे कादंबरीतलं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आधी उभं राही आणि नायिका नंतर. 'पहिल्या प्रकरणात ही खिडकी पूर्वेला होती, मग संध्याकाळचं ऊन आत कसं आलं?' असं ते लिहीत. 'या जिन्याला वळण नाही, तर पोलिसाला हा दिसला कसा नाही?' आणि शुभदाताई वाचनालयाच्या कार्यकारिणीत. पुस्तकात शेरे लिहू नयेत ही भिंतीवरची पाटी त्यांच्याच अक्षरातली. नवऱ्याने अब्रू घालवू नये म्हणून पुस्तक परत करायच्या आधी, ते आंघोळीला गेले की, त्या खोडरबर घेऊन बसत आणि पानन् पान साफ करत. इतक्या वर्षांत हे कोणाला कळलं नाही याचा त्यांना मनातून अभिमान होता.

"लिहायला जागाच नाही गं याच्यात," त्र्यंबकराव म्हणाले. "समोरच्याने बोलत राहायचं आणि आपण नुसती मान डोलवायची. ते मी नोकरीत पुष्कळ केलं."

शुभदाताईंनी ई-रीडर उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "लिहिलेलं तरी कुठे राहत होतं? मी खोडून टाकायचे."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"रबराचा भुगा माझ्याच टेबलावर असायचा. झटकायची आठवण तुला कधी झाली नाही."

"मग बोलला का नाहीत कधी?"

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला आणि तो पुसायला घेतला. "तू वाचल्याशिवाय खोडत नव्हतीस ना," ते म्हणाले. "तेवढं पुरे होतं मला."

शुभदाताई उठल्या आणि बशा घेऊन आत गेल्या, कारण तिथे बसून राहणं त्यांना जमेना. बशा त्यांनी गरजेपेक्षा बराच वेळ घासल्या.

पानावर पेनाने लिहिता येईल असा मोठा ई-रीडर आठवड्याभरात घरी आला. शुभदाताईंनी या वेळी काही समजावून सांगितलं नाही, नुसता टेबलावर ठेवला. त्र्यंबकरावांनी अक्षर वाढवलं, पेन कानामागे अडकवून पाहिलं, ते नीट अडकलं. संध्याकाळी ते मासुंदा तलावाला चक्कर मारायला गेल्यावर शुभदाताईंनी यंत्र उघडलं. पुस्तकाच्या समासात त्यांचं ते नकाशावरचं, उभं, एकसारखं अक्षर होतं: 'पुन्हा खिडकी चुकली. दिवाणखाना उत्तरेला आहे.'

पेनाच्या मागच्या टोकाला खोडायची सोय होती. शुभदाताईंचा हात सवयीने तिकडेच वळला. मग त्यांनी पेन सरळ धरलं, आणि आजवर एकाही पुस्तकावर नाव टाकण्यापलीकडे रेघ न ओढलेल्या बाईने त्या शेऱ्याच्या खाली लिहिलं: 'खिडकी बरोबर आहे. तुम्ही मागचं पान नीट वाचलं नाहीत.' आणि यंत्र होतं तसं मिटून ठेवलं.

सकाळी त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाल्कनीत खुर्ची सरकली, कप बशीवर टेकला, मग बराच वेळ काही नाही. कुकरची शिट्टी होईल आणि आपल्याला बाल्कनीतलं ऐकू येणार नाही, म्हणून शुभदाताईंनी गॅस बारीक केला.

"छे!" बाल्कनीतून आवाज आला.

शुभदाताईंनी हात पुसले आणि मागचं पान दाखवायला बाहेर गेल्या.