रोझली टॉमचॅकची यादी

रोझली टॉमचॅकला फुटबॉलमधलं काय कळतं, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मला काचसामान कळतं." आणि ते खरंच होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराला खेटून असलेल्या चिक्टोवागा गावात घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत ती सव्वीस वर्षं काम करत होती, आणि नाजूक वस्तू बांधायच्या तर त्या रोझलीनंच, असा तिथला शिरस्ता होता. तिनं बांधलेली बशी कॅलिफोर्नियापर्यंत गेली तरी तिला टवका उडत नसे.

शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघातले खेळाडू घरं बदलायचे ते याच कंपनीकडून. बाकीच्या लोकांसाठी हंगाम हिवाळ्यात संपतो. रोझलीचा मार्चमध्ये सुरू व्हायचा. मार्च लागला की करार संपायचे, कुणाची दुसऱ्या शहरातल्या खेळाडूशी अदलाबदल व्हायची, कुणाला संघ सरळ मोकळं करायचा. मग एप्रिलच्या अखेरीला ड्राफ्ट. सगळे संघ आळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडून घेतात. सात फेऱ्या, तीन दिवस. टीव्हीसमोर बसलेल्यांना त्यात नवीन पोराच्या आईचे आनंदाश्रू दिसतात. रोझलीला दिसायचं ते त्या जागेवर आधीपासून असलेल्या माणसाचं घर, कारण आठवड्याभरात ते रिकामं करायला तिलाच जावं लागायचं.

यादीची सुरुवात त्यातूनच झाली. अकरा वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये मालक जेरार्ड हुटनिक गाड्यांचं वेळापत्रक घेऊन कपाळाला हात लावून बसला होता. रोझली सहज म्हणाली, "मे महिन्यात दोन गाड्या राखून ठेव. संघ नवा डावा टॅकल घेणार आहे, डावी बाजू अडवायला."

"तुला कसं कळलं?"

"आत्ता जो आहे, त्याच्या बायकोनं पोरीला उन्हाळी शिबिरात घातलेलंच नाही. घरात पाहुण्यासारखी वावरते बिचारी. आणि त्याला जिने चढताना बघितलंस का? कठड्याला धरून चढतो."

संघानं डावा टॅकलच घेतला. जेरार्डच्या दोन्ही गाड्या कामी आल्या. तेव्हापासून दरवर्षी रोझली एका कागदावर सात फेऱ्यांचे सात अंदाज लिहून कॉफीच्या यंत्राशेजारी चिकटवायची. वर्तमानपत्रातले जाणकार कुठला पोरगा किती जोरात पळतो ते मोजत बसायचे. ती मोजायची कुणाचा करार कधी संपतो, कुणाचा गुडघा ऑपरेशनसाठी किती वेळा उघडला, कुठली जागा खाली होऊ घातलीय. कामगार डझनभर डोनटची पैज लावायचे. मागच्या वर्षी तिचे सातातले पाच अंदाज खरे ठरले, तेव्हापासून तिला सगळे प्रोफेसर म्हणू लागले.

यंदाची यादी लागली तेव्हा पहिला ओरडला तो कर्टिस बेलमी. सव्वासहा फुटी, गेली पंधरा वर्षं तिच्या जोडीला काम करणारा. "दुसऱ्या फेरीत सेंटर? अगं प्रोफेसर, सेंटरला आपला लव्हेल आहे की!"

"बत्तीस वर्षांचा झालाय तो. खांद्याचं ऑपरेशन झालंय. करारातलं एकच वर्ष उरलंय."

"पण लव्हेल! तुझ्या छातीत हृदय आहे की पुठ्ठ्याचं खोकं?"

रोझलीलाही ते लिहिताना बरं वाटलं नव्हतं. लव्हेल गॅस्किन्स नऊ वर्षांपूर्वी जॉर्जियाहून आला तेव्हा त्याचं सामान तिनंच लावलं होतं. सामान म्हणजे दोन बॅगा आणि आजीनं दिलेलं रश्श्याचं एक चिनी मातीचं भांडं. मैदानावर पुढच्या ओळीच्या मधोमध उभं राहून, ओणवं होऊन चेंडू मागे देणारा आणि लगेच समोरच्या दांडग्याला छातीवर घेणारा हा माणूस त्या दिवशी ते भांडं पोटाशी धरून दारात उभा होता, आणि ते ठेवायचं कुठं हे त्याला कळत नव्हतं. पुढं नदीन त्याची बायको होऊन आली तेव्हा लग्नातला डिनरसेट रोझलीनं सोडवला, मुलगी झाली तेव्हा पाळणाही तिनंच आणून जोडून दिला. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी "मिस रोझ"शिवाय हाक मारली नाही.

एप्रिलच्या मध्यावर एका शनिवारी त्यांच्या घरी पुन्हा जायचा योग आला. लव्हेलच्या आईनं, अर्डेलबाईंनी, जॉर्जियातलं घर विकून मुलाकडे राहायला यायचं ठरवलं होतं. बाहेर पावसात मिसळलेला बर्फ पडत होता. अर्डेलबाई जाड कोट घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या होत्या आणि एप्रिल महिन्याला नावं ठेवत होत्या. रोझली त्यांच्या बशा कागदातून काढत होती. नदीन त्या पुसून कपाटात ठेवत होती.

नदीन मुलांना बोलायला शिकवायची. ज्यांना शब्द फुटत नाहीत, जी अडखळतात, अशा मुलांना. आतापर्यंत दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करत होती. आता तिला स्वतःचं केंद्र काढायचं होतं. जागा सापडली होती, सोमवारी पाच वर्षांच्या भाडेकरारावर सही करायची होती.

एक बशी हातात धरून ती थांबली. "रोझ, कर्टिस म्हणाला तुमची एक यादी असते."

रोझलीनं दाराकडे पाहिलं. कर्टिस तिथून कपाट उचलून नेत होता. तो एवढ्या घाईनं पुढं सटकला की कपाट चौकटीवर आपटलं.

"तो काहीही बोलतो."

"आम्ही आहोत का तीत?"

सव्वीस वर्षांत रोझलीनं कुठल्याही घरात तोंड उघडलं नव्हतं. एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, हा तिचा स्वतःचाच नियम होता. पण तिला एक बाई आठवली, जिनं मागच्या अंगणात सफरचंदाची रोपं लावली आणि आठव्या दिवशी नवऱ्याची बदली ह्यूस्टनला झाली. रोपं कशी बांधायची ते तिनं रोझलीला विचारलं होतं. हे होणार, हे रोझलीला तीन आठवडे आधी ठाऊक होतं.

"दुसऱ्या फेरीत," ती म्हणाली, "सेंटर."

नदीननं बशी न पुसताच ओट्यावर ठेवली. तेवढ्यात मागून आवाज आला, "कितवी निवड?" लव्हेल दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक.

"बावन्नावी. तिच्याच आसपास."

तो हसला. "आणि मागच्या वर्षी तुमचे किती बरोबर आले, मिस रोझ?"

"सातातले पाच."

त्याचं हसू गेलं. अर्डेलबाईंनी खुर्ची वळवली. "म्हणजे मी चाळीस वर्षांचं घर विकून या बर्फात आले, आणि आता ही बाई सांगतेय की आपण कुठं राहणार हेच नक्की नाही? अरे, मला आणायच्या आधी हिला का नाही विचारलंत?"

रोझलीनं उरलेल्या बशा सोडवल्या, रिकामी खोकी चपटी केली, आणि निघताना नदीनला एवढंच म्हणाली, "मी चुकतेही."

गाडीत बसल्यावर कर्टिसनं आधी काच पुसली. मग म्हणाला, "माझं चुकलं. तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"तुझं नाही रे. विचारलं तिनं, सांगितलं मी."

सोमवारी सकाळी रोझलीनं यादी भिंतीवरून काढून खिशात घातली. जेरार्डनं गाड्यांचं विचारलं तेव्हा म्हणाली, "यंदा तूच बघ." पुढचे दोन आठवडे तिला धड झोप लागली नाही. अजून न घडलेली गोष्ट सांगून आपण एका घराची शांती घालवली, असं तिला वाटत राहिलं.

त्या घरात प्रत्यक्षात काय चाललं होतं, ते तिला नंतर नदीनकडून कळलं. त्याच सोमवारी लव्हेल पुढच्या ओळीच्या प्रशिक्षकाकडे गेला आणि सरळ म्हणाला, "सेंटर घेताय म्हणे." प्रशिक्षक जुना माणूस, खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "बघतोय आम्ही. कुणाला, कधी, ते आमच्याही हातात नाही." लव्हेल म्हणाला, "घ्या. घ्यायलाच हवा, माझा खांदा मलाही ठाऊक आहे. पण मला लगेच काढू नका. एक वर्ष द्या, पोराला तयार करतो. मी आलो तेव्हा मला शिकवायला कुणी नव्हतं." प्रशिक्षकानं कसलाही शब्द दिला नाही. त्यानं फक्त त्याला कॉफी दिली आणि दोघं बराच वेळ एका पोराचा खेळ पडद्यावर बघत बसले.

संध्याकाळी न उघडलेल्या खोक्यांमध्ये बसून घरातली माणसं जेवत होती. लव्हेल म्हणाला, "सही थोडी लांबवूया."

"केली मी सही," नदीन म्हणाली. "दुपारीच."

"आणि मला समजा फीनिक्सच्या संघात जावं लागलं तर?"

"तर जा. विमान आहे की. ये-जा कर. इतकी वर्षं मी या गावात भाड्यानं राहिल्यासारखी राहतेय, लव्हेल. पडदे घेताना विचार करते, मैत्रीण जोडताना विचार करते. आता नाही करायचा. संघ तुला ठेवो नाही तर सोडो, आपण इथलेच."

अर्डेलबाईंनी ताटातला मक्याचा पाव मोडला. "मला विचाराल तर मी पुन्हा खोकी भरणार नाही. त्या बर्फापेक्षा ते वाईट."

लव्हेल उठला आणि भिंतीशी ठेवलेलं एक खोकं उघडून आईची चित्रं लावायला हातोडी शोधू लागला.

ड्राफ्टच्या तीन दिवसांत रोझली तिच्या बहिणीकडे, स्टेफनीकडे होती. गुरुवारी पहिल्या फेरीत संघानं बचावातला कॉर्नरबॅक घेतला, रोझलीनं लिहिल्याप्रमाणेच. शुक्रवारी संध्याकाळी दुसरी फेरी लागली. पन्नासावी निवड गेली, एक्कावन्नावी गेली. संघाची पाळी आली आणि पडद्यावर नाव झळकलं ते चेंडू घेऊन धावणाऱ्या एका रनिंग बॅकचं. रोझलीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"अगं, चुकलीस ना तू?" स्टेफनी म्हणाली.

"चुकले! साफ चुकले!" तिनं पिएरोगीची, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्यांची, आख्खी थाळी पुढं ओढली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती. कर्टिसचा फोन आला, पलीकडून नुसतं हसणं ऐकू येत होतं.

शनिवारी दुपारी मात्र चौथ्या फेरीत संघानं टॉबी व्हँडरप्लोग नावाचा आयोवाचा पोरगा निवडला. सेंटर. रोझलीनं टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासानं फोन वाजला. नदीन होती.

"रोझ, दोन फेऱ्यांनी चुकलात हो तुम्ही."

"नदीन, मी..."

"ऐका तर. प्रशिक्षकाचा फोन आला होता. लव्हेलला ठेवतायत. एक वर्ष. पगार उतरवणार, पण ठेवतायत, या पोराला शिकवायला. लव्हेलनं विचारलं, मलाच का? तर ते म्हणाले, तू स्वतःहून आलास म्हणून. बाकीचे येत नाहीत, वकील पाठवतात." नदीन पुढं म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर तोही गेला नसता."

रोझलीनं डोळे पुसले आणि विचारलं, "अर्डेलबाई काय म्हणतायत?"

"त्या म्हणतायत, तुमच्या यादीत हवामानाचंही लिहीत जा."

कंपनीत मात्र आठवडाभर भांडण चाललं. सेंटर आला खरा, पण चौथ्या फेरीत. मग अंदाज बरोबर धरायचा की चूक? शेवटी जेरार्डनं निवाडा केला: सहा डोनट. कर्टिसनं ते आणले आणि त्यातले चार स्वतःच खाल्ले.

मे महिन्यात टॉबी आला, बापाच्या जुन्या ट्रकमधून. भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सामान चढवायला रोझली आणि कर्टिस गेले तर तिथं सोफ्याचं एक टोक धरून लव्हेल उभा. पोरगा घामाघूम झाला होता, आणि तो काही जिन्यामुळे नाही. "सर, मला खरंच कळत नाही काय बोलावं. मी तुमची जागा..."

"जागा नंतर घे. आधी सोफा घे. कोपरा वळव, वळव! गुडघ्यातनं उचल, कमरेतनं नको. आयोवात हेसुद्धा शिकवलं नाही का?"

"आमच्याकडे गवताच्या गंज्या उचलतात, सर."

"मग हीच गंजी समज. आणि ऐक, स्वयंपाकघरात मिस रोझ जिथं जे ठेवतील तिथंच ते राहू दे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. मी नऊ वर्षांत घातलेला नाही."

नदीनचं केंद्र ऑगस्टमध्ये उघडायचं होतं. त्याआधी जुलैच्या शेवटी संघाचं सराव शिबिर लागलं आणि अर्डेलबाईंनी रोझलीला फोन करून जवळपास हुकूमच सोडला, की गाडी घेऊन ये, मला एकटीला तो रस्ता कळत नाही. सव्वीस वर्षांत रोझलीनं या माणसांना त्यांच्या स्वयंपाकघरांत पाहिलं होतं, जिन्यांवर पाहिलं होतं, पण मैदानावर एकदाही नाही. दोघी लोखंडी पायऱ्यांवर बसल्या. ऊन चांगलंच तापलं होतं. अर्डेलबाईंनी पहिल्यांदाच कोट आणला नव्हता.

खाली टॉबीनं चेंडू मागे दिला तो मागे चेंडू घ्यायला उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला. लोक हुर्यो करू लागले. लव्हेल त्याच्याजवळ गेला, स्वतः ओणवा झाला, अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून बाजूला झाला. पुढचा चेंडू बरोबर छातीशी गेला. त्याच्या पुढचाही.

"बारका दिसतो गं पोरगा," अर्डेलबाई म्हणाल्या. टॉबी तीनशे पौंडांचा होता. "एकटाच राहतो ना तो?"

"हो. तिसऱ्या मजल्यावर."

"मग हे सुटले की दोघांनाही गाडीत घाल. मी सकाळीच कोंबडी मसाल्यात घालून ठेवलीय."

रोझलीनं गाडीतल्या मागच्या सीटचा मनातल्या मनात अंदाज घेतला. दोघं मावणं कठीण होतं. तरी ती म्हणाली, "बसवू की. अवजड सामान बसवायची मला सवय आहे."