रातांब्याचा डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं होतं, पहिल्यांदाच एकटी गेलीस, कसं वाटलं? प्रत्येकाला मी तेच दोन शब्द दिले. मस्त. शांत. दोन्ही खरे होते, म्हणून तर इतकं सोपं गेलं. तुला मात्र उरलेलं सांगते.

आम्ही बंदराजवळ, द्रोणागिरीत राहतो. बाबा न्हावा शेव्याला कस्टम्सची कामं करणाऱ्या एका ऑफिसात आहेत. आमच्या खिडकीतून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर दिसतात. जासईकडे ट्रॅफिक तुंबला की हॉर्न असे सुरू होतात की घरातल्या घरात "काय?" असं दोनदा विचारावं लागतं. मला त्याचा त्रास होत नाही. एवढ्या आवाजात एखादी गप्प बसलेली मुलगी कुणाच्या लक्षातही येत नाही.

शाळा इंग्रजी, घरी मराठी. पण सुट्टीत साताऱ्याला गेलं की चुलत भावंडं मला अंगणात उभं करून आकडे विचारायची. "एकोणसत्तर म्हणजे किती गं, मॅडम?" मी तोंड उघडायच्या आत सगळी हसायलाही लागायची. तेव्हापासून अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात म्हणून बघते, आणि तोवर समोरचा माणूस पुढे गेलेला असतो. हे कारण म्हणून सांगत नाहीये. मी कशी आहे, एवढंच.

मागच्या मे महिन्यात मी सिंधुदुर्गात गेले. पनवेलहून गाडी, मग कुडाळहून एसटी. एसटीत शेजारच्या बाईंनी सुरुवात केली — कुठली तू, एकटीच कशी, कोणाकडे चाललीस, लग्न झालं का? त्यांच्या आवाजात काहीच वाईट नव्हतं. पण पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले, माझे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "सॉरी आंटी, मराठी नहीं आती."

बाईंनी मान हलवली आणि प्रश्न थांबले. सगळेच. खिडकीबाहेर काजूची झाडं, लाल माती, मग एका वळणावर अचानक निळं पाणी — आणि माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. इतकं हलकं मला कधी वाटलं होतं? मला आठवत नाही.

म्हणून मुक्कामाच्या घरी पोचल्यावरही मी तेच सांगितलं. दिल्लीची आहे म्हटलं. घरात दोघीच होत्या. सायली, वयाने माझ्याएवढी, पोटुशी. पाहुण्यांचं बुकिंग तीच बघायची आणि सकाळी तालुक्याला कामाला जायची. आणि तिच्या सासूबाई. त्यांचा मुलगा बोटीवर असायचा. मनातल्या मनात मी त्यांना काकी म्हणायचे. तोंडाने — आंटी.

ते दिवस मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. सुरूच्या बनातून वारा यायचा आणि बराच वेळ फक्त तोच असायचा. ओहोटी लागली की वाळूवर आभाळ उतरायचं. मी त्यावरून चालायचे आणि मागे वळून पाहिलं की माझी पावलंही भरून आलेली असायची. दुपारी पडवीत पुस्तक उघडून बसायचे. समोर काकी कोकमासाठी रातांबे फोडायच्या. बिया वेगळ्या, सालं वेगळी. त्यांचे हात मनगटापर्यंत लालजांभळे व्हायचे. आणि त्या माझ्याशी बोलायच्या, मालवणीत. मांजराशी बोलावं तशा — उत्तर नको, फक्त कोणीतरी बसलेलं हवं. कोंबड्यांबद्दल, गेलेल्या नवऱ्याबद्दल, सायलीच्या डोहाळ्यांबद्दल. एकदा शेजारीण आली, मला न्याहाळून माझ्या लग्नाच्या काळजीने म्हणाली, "हिका घोव खय मेळतलो गो? तोंडच उघडणा नाय."

"तोंड उघडणा नाय म्हणानच मेळतलो," काकी म्हणाल्या.

मी पुस्तकात नाक खुपसून हसू गिळलं. मला सगळं कळत होतं ना. तसं अवघड नव्हतंच. दोन दिवस कान दिला की मालवणी आपोआप उलगडते. समोर बसून चोरून ऐकणं — याला काय म्हणतात? मला तेव्हा ते चोरी वाटलं नाही. मला ते सुख वाटलं. काही न बोलता एखाद्या घरात मावून जाण्याचं.

मग ती दुपार. सायली कामाला गेली होती. ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं होतं. काकी मान वर न करता म्हणाल्या, "बरा झाला गो, तुका कळणा नाय ता."

हातातला रातांबा खाली ठेवला. ती ओली बोटं त्यांनी काखेखाली, छातीच्या कडेला दाबली.

"हयसर गाठ असा. आधी बारीक होती, आता मोठी झाली. कोणाक सांगूक नाय मी. सायलीचा बाळंतपण होवंदे, मगे बघूया." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू — "भिया वाटता माका."

कळायला भाषा लागत होती का? बाईने बाईला तिथे हात लावून दाखवलं होतं. दिल्लीच्या मुलीलाही कळलं असतं. कुठल्याही देशातल्या मुलीला. पण मला वाटलं, आता चेहरा बदलला तर त्यांना समजेल — सगळंच समजेल, इतक्या दिवसांचं. मी रातांब्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. हसले. म्हटलं, "व्हेरी नाइस, आंटी. व्हेरी नाइस कलर."

त्याही हसल्या. पुन्हा रातांबे फोडायला लागल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजच्या कडेला बोटांचे डाग तसेच होते. सायली म्हणाली, "आई, डाग पडलोहा बघा, आता जातलो नाय." काकी म्हणाल्या, "पडूंदे." सायली भात वाढत होती. तो डाग नेमका तिथेच का पडलाय, हे त्या घरात काकींखेरीज फक्त मला माहीत होतं. पानावरून मान वर करून एक वाक्य बोलायचं होतं. मी सोलकढी आणखी मागितली. खुणेने.

निघायच्या दिवशी काकी एसटीपर्यंत आल्या. कंडक्टरला बजावलं, पोरीला मराठी येत नाही, नीट कुडाळला उतरव. त्याने मला पुढे बसवलं. तेवढ्यात आईचा फोन आला. काकी खिडकीखालीच उभ्या होत्या. मी फोन कट केला. कुडाळ येईपर्यंत कंडक्टर मोडक्या हिंदीत मला प्रत्येक गावाचं नाव सांगत राहिला आणि मी प्रत्येक वेळी थँक यू म्हणत राहिले.

घरी आल्यावर रिव्ह्यू लिहिला, इंग्रजीत. माणसं प्रेमळ आहेत, समुद्र शांत आहे, जेवण उत्तम. शेवटी लिहिलं, भाषेची थोडी अडचण होते. ते कोणी मागितलं नव्हतं. तरी लिहिलं.

दिवाळीच्या आसपास सायलीचा हिंदीत मेसेज आला. मुलगी झाली होती, फोटो होता. पुढे लिहिलं होतं, आई तुमची आठवण काढतात — म्हणतात, त्या पोरीला कळत काही नव्हतं, पण ऐकायची किती छान. हल्ली आईंची तब्येत बरी नसते, बारीक झाल्या आहेत. सगळं अंगावर काढतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, बाळ जरा मोठं होऊ दे.

मी बाल्कनीत उभी होते. खाली ट्रेलरची रांग लागली होती. मी टाइप केलं, त्यांना आजच घेऊन जा, त्यांना गाठ आहे. मग ते वाचलं. ती विचारेल, तुम्हाला कसं माहीत? एका बाजूला काकी होत्या आणि दुसऱ्या बाजूला माझी फजिती. दिल्लीची नसण्याची. एवढीशी फजिती. मी सगळं पुसलं आणि पाठवलं, सो क्यूट! टेक केअर ऑफ आंटी. पुढे एक लाल बदाम.

त्यानंतर तिचा मेसेज आलेला नाही. मीही केलेला नाही. बाळाच्या त्या फोटोत, दुपट्याखाली कुणाचा तरी हात दिसतो. मी तो मोठा करून बघते. बोटं स्वच्छ आहेत. कुणाचीही असू शकतात.

नंबर माझ्याकडे आहे. मराठी मला येते.