सोजरबाईचं उपाशी शेवाळ

हातात आलेली कुठलीही गोष्ट सोजरबाई आधी हुंगते. आदिलाबादजवळच्या तिच्या वाडीत भाजीची रोपं तयार होतात. ट्रेत भरायला मुलानं, पंकजनं, दुकानातून पीटचं पोतं आणलं तेव्हा तिनं तेही हुंगलं. "माती नाही हे. काय हाय मंग?"

पंकजनं मोबाइलमध्ये पाहिलं. थंड मुलखातल्या दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ. एकदा उकरलं की लवकर भरून येत नाही. म्हणून काही ठिकाणी लोक आता शेवाळाचीच शेती करतात.

"मंग आपुन काऊन नाही?" झालं! बाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

श्रावणात टाकीखालच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून तिनं हिरव्या जाळीखालच्या सावलीच्या कोपऱ्यात, ओल्या गोणपाटावर पसरलं. ती जागा पंकजला मिरचीच्या ट्रेसाठी हवी होती. "संक्रांतीपर्यंत ठेव," तो म्हणाला. "तुह्या शेवाळात एक ट्रे तरी रोपं करून दाखव, नाही त कोपरा माहा."

आता सोजरबाईनं जन्मभर जे लावलं त्याला खाऊ घातलेलं. सकाळी अंगणात सडा झाला की बादलीतलं उरलेलं शेणपाणी ती मोठ्या मायेनं शेवाळावर शिंपडायची. शेवाळ काळं पडलं, बुळबुळीत झालं, घाण मारू लागलं. तिला रडूच आलं. पंकज जातायेता कोपऱ्याचं माप घ्यायला लागला.

चिडून ती गोणपाट फेकायला गेली, तर गळक्या तोटीखालची तेवढी पट्टी हिरवीगार! तिथलं शेणपाणी वाहून जात होतं. सोजरबाई तिथंच उकिडवी बसली. "म्हंजे तुले खायलेच नको?" तिनं शेवाळाला विचारलं. न खाणारं पीक तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला ते पटेना. तरी तेवढीच पट्टी तिनं नव्या गोणपाटावर विखुरली आणि पागोळ्यांचं धरून ठेवलेलं नुसतं पाणी दिलं.

थंडीपर्यंत ती पट्टी हळूहळू पसरली. थोडं गोणपाटावर तसंच वाढू देऊन बाकीचं वाळवून, चुरून कसाबसा एक ट्रे भरला. त्यात तिनं वांग्याचं बी टाकलं.

संक्रांतीच्या सकाळी पंकजनं एक रोप अलगद उपसलं. पांढऱ्या मुळांनी ओलं शेवाळ घट्ट धरून ठेवलं होतं. त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं, परत लावलं आणि कोपऱ्याशी आणून ठेवलेले मिरचीचे ट्रे उचलून भिंतीकडे नेऊन ठेवले.

सोजरबाईला इतका आनंद झाला की सड्याची उरलेली बादली घेऊन ती सवयीनं थेट कोपऱ्याकडेच निघाली. पंकजनं धावत येऊन बादली धरली.

"माय, काय करून राह्यली? उपाशी राहू दे त्याले!"