रिपोर्ट साफ आला तरी

देगलूर नाक्याजवळ किल्ल्या करून देणारा करीमभाई म्हणजे महासंशयी माणूस. गिऱ्हाईक आलं की आधी विचारणार, कुलूप कुणाचं, घर कुणाचं, जुनी किल्ली हरवलीच कशी? उत्तर पटलं नाही तर सरळ हाकलून देणार. अशा माणसाच्या आतड्यात डॉक्टरांनी दुर्बीण घातली, चण्याएवढा मांसाचा कोंब सापडला तो कापला आणि तपासायला पाठवला. आता घरच्यांचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच बघा!

आठ दिवस जड उचलायचं नाही, तिखट खायचं नाही, घरी पडून राहायचं. सून रुखसारनं खिचडी पुढं ठेवली की हा विचारणार, "आज एवढी मऊ का?" मुलगा अकरम एरवी दुसऱ्या वाक्याला भांडायला उठायचा. आता बापानं काहीही म्हटलं तरी "हाव अब्बा, हाव अब्बा." पोरगं भांडत न्हाई म्हणजे नक्कीच काहीतरी शिजून राहिलंय, करीमभाईनं ताडलं.

सहाव्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट आला. अकरम म्हणाला, "साफ हाय, अब्बा. कॅन्सर न्हाई."

"मग हळू का बोलून राहिला?"

"रुखसार नमाज पढून राहिली म्हणून."

हे काही करीमभाईला पटलं नाही. रिपोर्ट इंग्रजीत, वाचणारा पोटचा पोरगा. तो कसा खरं सांगेल? भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. मरणाची भीती वाटत होती त्याला, लई वाटत होती.

त्याच दुपारी जळकोटहून त्याची धाकटी बहीण चांदबी आली. अम्मी जिवंत असतानाच भाचीच्या लग्नात मानपानावरून दोघांचं वाजलं होतं, आणि अम्मी गेल्यापासून सहा वर्षांत ती दोनदासुद्धा या घरी आली नव्हती. आली ती थेट त्याच्या खाटेवर बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, "भाईजान, कहा-सुना माफ करा. माझं काही चुकलं असंल तर मनात ठेवू नका."

झालं! करीमभाईचा संशय पक्का झाला. भांडलेली बहीण एवढ्या लांबून माफी मागायला येते, ती काय उगीच? म्हणजे हिलासुद्धा सांगितलं, फक्त मलाच न्हाई! त्याला रडूच फुटलं.

"तू कशाला माफी मागतीस, चांद? मीच गुन्हेगार हाय. अम्मी झोपेत गेली म्हणून सांगितलं ना तुला? खोटं होतं ते. तीन दिवस तळमळत होती. सारखं तुझं नाव घ्यायची. मी रागात होतो, फोन केला न्हाई. हे घेऊन मला कबरीत जायचं न्हाई."

चांदबीनं हात सोडवून घेतला.

"कबरीत कोण चाललंय? अकरमनं फोनवर सांगितलं, रिपोर्ट साफ आला म्हणून. मी बुधवारी उमऱ्याला चालले, भाईजान."

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघायच्या आधी माणूस घरोघर जाऊन माफी मागून येतो. मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण संशयानं एकदा डोकं धरलं की साधी गोष्टसुद्धा सुचत नाही. जगणार असल्याचा आनंद करीमभाईला झालाच नाही. त्याला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना.

चांदबी उठली, बुरखा सावरत दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"मी माफी मागायला आले होते. द्यायला न्हाई," ती म्हणाली. मग परत येऊन खाटेसमोर जमिनीवर बसली. "आता सांगा. तीन दिवसांत अम्मी काय काय बोलली, सगळं सांगा. एक शब्द सोडू नका."

"दार वाजलं की विचारायची, चांद आली का?"

"आणि तुम्ही?"

करीमभाईनं खाली मान घातली. "येऊन राहिली, म्हणायचो."