गुऱ्हाळापाशी थांबलेली गाडी

त्या वर्षी मी कवठ्याच्या येमाईला जाणं सोडलं होतं. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. वडील मेंढरांमागे रानोमाळ हिंडायचे तेव्हाही वर्षातून एकदा, असतील तिथून, देवीच्या पायांवर डोकं ठेवायला यायचे. मी तर शिरूरला राहणारा, बायपासच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान चालवणारा माणूस. मोटारसायकल काढली की तासाभरात देवळाच्या पायरीशी पोचलो असतो. पण पाय निघत नव्हता. बायको मंगळवारी एकटीच एस.टी.ने जाऊन यायची, अंगारा आणायची आणि माझ्या कपाळाला लावताना काही विचारायची नाही. तिचं ते न विचारणंच मला जास्त लागायचं.

कारण सांगायला हवं. आदल्या उन्हाळ्यात मी गावोगावी प्रवासी भरून नेणाऱ्या एका वडाप जीपमध्ये टेप आणि स्पीकर बसवले होते. मी बसवलेल्या वस्तूची वायर शोधूनही दिसत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. रबराच्या पट्टीखालून, गालिच्याखालून, छताच्या कापडाच्या कडेनं मी वायर अशी न्यायचो की गाडी कंपनीतूनच तशी आली असावी असं वाटे. दोन महिन्यांनी ती जीप उभ्या जागी पेटली. ड्रायव्हर दत्ता सीटखालची पिशवी काढायला आत वाकला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. लोकांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझ्या वायरिंगचा काय संबंध न्हाई. गाडीच जुनी हुती." हे खरं होतं की खोटं, ते मला आजही माहीत नाही, जीपमध्ये तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण मी ते इतक्या ठामपणे म्हणालो की लोकांनी मानलं. देवीपुढे उभं राहून मात्र ते वाक्य म्हणता येईना. म्हणून मी जाणंच थांबवलं.

त्यानंतर मी झाकायची कामं घेईनासा झालो. बल्ब, हॉर्न, बॅटरी, डोळ्यांसमोर राहील तेवढंच करायचो. अशात एका सकाळी गुरुजी आले. मी त्यांच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलो होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सोबत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू होत्या. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू अधू झाली होती आणि काठी व आधार असल्याशिवाय त्यांना गाडीतून उतरता येत नसे. गुरुजींच्या हातात एक खोकं होतं. जपानला नोकरी करणाऱ्या मुलानं पाठवलेले दोन छोटे कॅमेरे, एक पुढच्या काचेला लावायचा, एक मागच्या. तेव्हा मोबाइल बहुतेकांच्या खिशात आले होते, पण गाडीत कॅमेरा ही वस्तू आमच्या भागात कुणी पाहिलेली नव्हती.

"मागं एक मोटारसायकलवाला येऊन धडकला आणि लोकांनी माझीच कॉलर धरली," गुरुजी सांगू लागले. "पोराच्या मनानं तेच घेतलंय. तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ? वायर मात्र लोंबती नको. हिचा हात अडकतो."

मी नाही म्हणायला हवं होतं, निदान माझी भीती तरी सांगायला हवी होती. पण गुरुजींना नाही म्हणायची मला सवय नव्हती, आणि मनाच्या एका कोपऱ्यात जुना अभिमानही जागा झाला. त्यांना दुपारच्या आत कासुर्डीला पोचायचं होतं. लेकीच्या मुलीचं बारसं होतं. मी घाईनं कामाला लागलो. पुढचा कॅमेरा आरशामागे लपवला, मागच्याची वायर छताच्या कडेनं, दारांच्या रबराखालून पुढे आणली आणि दोन्ही डॅशबोर्डच्या पोटात नेऊन, चावी फिरवली की वीज येते त्या लाइनला जोडल्या. काकू बाकावर बसून माझ्या बायकोची, आईची चौकशी करत होत्या. मी उत्तरं देत होतो आणि हात चालत होते. शेवटी पॅनेल दाबून बसवलं, तेव्हा आत काही नवीन आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. गुरुजींनी पाठीवर थाप दिली. गाडी गुरुजींच्या नेहमीच्या संथ चालीनं न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली.

वीसेक मिनिटांनी हत्यारं आवरताना पक्कडीखाली फ्यूज दिसला. छोटा काचेचा फ्यूज, त्याच्या होल्डरसकट, कॅमेऱ्याच्या लाइनमध्ये टाकण्यासाठी मीच काढून ठेवलेला. क्षणभर मला समजलंच नाही की तो इथं कसा. मग समजलं. मी वायर सरळ जोडली होती. ती कुठं लोखंडाला घासली, तर वीज तोडणारं मध्ये काहीच नव्हतं. आणि गाडीत अशी बाई बसली होती जिला स्वतःहून बाहेर पडता येत नव्हतं.

गुरुजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. ते मोबाइल फक्त मुलाचा फोन यायच्या वेळी चालू करत. मी फ्यूज खिशात टाकला, हत्यारं-वायरची पिशवी खांद्याला लावली आणि दुकान उघडं टाकून मोटारसायकल काढली. न्हावरं कधी मागे पडलं, आठवत नाही. पुढच्या प्रत्येक पांढऱ्या गाडीत मला तीच गाडी दिसायची आणि जवळ गेलो की दुसरीच निघायची. न्हावऱ्याच्या पुढं, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस असलेल्या एका सरळ पट्ट्यात, मागचं चाक बसलं. पंक्चर. जवळ दुकान नाही, घर नाही. आणि माझ्याकडे करण्यासारखं काहीही उरलं नाही.

तिथं मी वर्षभरात पहिल्यांदा देवीला हाक मारली. रस्त्याच्या कडेला उभा राहून हात जोडले, डोळे मिटले. मला वाचव असं म्हणालो नाही. म्हणालो, "येमाई, हे माझ्याच हातनं झालंय. जीपचंही माझ्याच हातनं झालं असंल. मला काय करायचं ते कर, पण त्या दोघांना सांभाळ." एवढं म्हटलं आणि आत काहीतरी सैल झालं. भीती होती तशीच होती, पण तिच्याशी चाललेली झटापट थांबली.

डोळे उघडले तर समोर एक टेम्पो थांबलेला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेला ड्रायव्हर खिडकीतून बघत होता.

"बसा पाव्हणं. कुठं जायचंय?"

मी चढलो आणि विचारलं, "मी तर हात केला न्हवता. तुम्ही कसं थांबलात?"

"आवं, हात जोडून उभं हुता की. म्या म्हणलं, माणूस लईच अडचणीत दिसतोय, निस्ता हात करत न्हाई, हातच जोडतोय."

मी देवीला जोडलेले हात त्याला आपल्यासाठी वाटले होते. मला हसू आलं नाही, रडू आलं. त्यानं काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मी थोडक्यात हकीकत सांगितली. तो म्हणाला, "माझी गाडी काय पन्नासच्या वर पळत न्हाई. म्या चौफुल्याच्या अलीकडच्या गुऱ्हाळावर गूळ भरायला चाललोय. तिथवर सोडतो, म्होरं हायवेला दुसरं कायबी मिळंल." मोटारसायकलवर मी जीव तोडून पळत होतो, आता मला फक्त बसून राहायचं होतं. भीमेचा पूल हळूहळू आला आणि हळूहळू गेला. मी खिडकीच्या दांडीला धरून देवीचं नाव घेत राहिलो. तसं बसून राहणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

गुऱ्हाळ आलं. चुलवणाचा धूर रस्त्यावर पसरला होता, रसाचा गोड वास सुटला होता, आणि त्या धुराच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. काकू आत एसीत बसल्या होत्या. गुरुजी काकवीची बरणी भरून घेत होते.

मी टेम्पो थांबायच्या आत उडी मारली. एक चप्पल मागे राहिली. "गुरुजी, आधी काकूंना बाहेर काढा," म्हणत मी चावी बंद केली. गुरुजींनी बरणी तशीच खाली ठेवली. आम्ही दोघांनी मिळून काकूंना धरून उतरवलं. त्या गोंधळून म्हणाल्या, "अरे, माझी काठी मागं राहिली," आणि मग, "मी मगापासून सांगतेय ह्यांना, काहीतरी करपल्याचा वास येतोय. हे म्हणतात गुऱ्हाळाचा असंल. म्हणलं, मग थांबवाच, लेकीला बाळंतपणात काकवी तरी घेऊ."

मी बॅटरीची तार काढली आणि पॅनेल उघडलं. वायर पेडलच्या पट्टीवर दाबली गेली होती. तिचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलं होतं आणि खालच्या गालिच्यावर तळहाताएवढा काळा डाग पडला होता. अजून गरम होता.

गुरुजी मागे उभे राहून बघत होते. पॅनेल पुन्हा बसवून, गाडी जुनी आहे असं म्हणता आलं असतं. मला ते वाक्य तोंडपाठ होतं. मी खिशातून फ्यूज काढून त्यांच्या हातावर ठेवला. "हा टाकायचा राहिला, गुरुजी. चूक माझी हाय. आन् ती दत्ताची जीप जळाली, तिथंबी माझीच असंल. मी लोकांना न्हाई म्हणून सांगितलं."

त्यांनी फ्यूज उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, "तू आला नसतास, तर हे कुणाला कळलं असतं का?"

"न्हाई."

"तरी आलास." त्यांनी फ्यूज माझ्या हातात परत दिला. "आता नीट कर. मी बघत बसतो."

काकू झाडाखालच्या खाटेवरून म्हणाल्या, "आधी त्याला पाणी द्या. पोराचं तोंड बघा कसं झालंय."

मी वायर बदलली, पट्टीपासून दूर फिरवली, रबरी नळीत घातली, फ्यूज टाकला. गुरुजी वाकून प्रत्येक जोड बघत होते, वही तपासावी तसे. त्यांनी मान हलवल्यावरच मी पॅनेल बंद केलं. माझी अवस्था बघून की काय, त्यांनी मला परत जाऊ दिलं नाही. भांडगाव, यवत करत आम्ही तिघं त्याच गाडीतून कासुर्डीला गेलो. काकू पुढच्या सीटवर, आधी होत्या तशाच, निर्धास्त बसल्या. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हटवता येत नव्हती. बारशाच्या घरात मला अनोळखी पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं वाढलं. ओंजळभर घुगऱ्या हातात आल्या तेव्हा सकाळपासून पोटात काही नाही हे लक्षात आलं.

संध्याकाळी गुरुजींच्या जावयानं कॅमेऱ्यातलं चित्रण संगणकावर लावलं. चावी बंद केल्यावरही कॅमेरा त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीवर थोडा वेळ चालू राहिला होता. टेम्पो येतो, मी एका चपलेनं धावत येतो, आणि माझ्यामागे तो ड्रायव्हर सावकाश उतरतो. मी त्याचं नाव विचारलं नव्हतं, आभारही मानले नव्हते. चित्रात तो अगदी स्पष्ट दिसतो. टॉवेल सोडून मान पुसतो, रस्त्यात पडलेली माझी चप्पल उचलतो, कडेला नीट ठेवतो, आणि जांभई देत गुऱ्हाळाकडे निघून जातो. नंतर दोनदा त्या गुऱ्हाळावर जाऊन चौकशी केली. तो बाहेरगावचा होता, कधीमधी यायचा, एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात सोडलेली मोटारसायकल आणली आणि दत्ताच्या घरी गेलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. तो रागावला, आणि त्याचा राग रास्त होता. मी ऐकून घेतलं. पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला त्यानं बसायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी बायकोबरोबर कवठ्याला गेलो. दर्शनाच्या रांगेत ती हळूच म्हणाली, "आज काय मागणार?" आत गेलो, डोकं टेकवलं आणि तसाच राहिलो, मागच्या माणसानं खांद्याला हात लावेपर्यंत.

त्या दिवशी जे झालं तो योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. गुऱ्हाळ रस्त्यावरच होतं, काकवी काकूंना आवडायचीच, टेम्पोला तिकडंच जायचं होतं. मला एवढंच माहीत आहे की जोवर मी चूक झाकून स्वतःलाच सांभाळत होतो, तोवर कुणाच्या पायाशी जायची मला सोय नव्हती. चुका माझ्या हातून अजूनही होतात. आता कुठलंही काम झाकण्याआधी मी गाडीच्या मालकाला बोलावतो आणि म्हणतो, एकदा वाकून बघा. काहींना ते विचित्र वाटतं, काही घाईत असतात. तरी मी थांबतो. ते बघत असतात तेव्हा माझे हात मोकळे असतात, आणि मी मनातल्या मनात येमाईचं नाव घेतो.