बहाण्यांची वही

मास्तरकी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खिशात खडूची भुकटी साठते तसे ते आपोआप साठतात. जबलपूरला खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समधल्या शाळेत मी तीस वर्षं घालवली, तेव्हा माझ्याकडे भरपूर आहेत. पूर्वी मी ते चवीनं सांगायचो. आता त्यातले काही सांगताना मान खाली जाते.

*

आमच्या स्टाफरूममध्ये एक वही होती. पोरांनी केलेले बहाणे त्यात नावानिशी लिहायचे आणि शनिवारी चहाबरोबर, व्हरांड्यातल्या पोरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचायचे. ज्याचा बहाणा सरस, त्या मास्तरला बाकीच्यांकडून समोसे! एकाहत्तरच्या लढाईत तर बहाण्यांचं पीकच आलं. फॅक्टरीत ओव्हरटाइम, शाळेत सायरनची ड्रिल. एकानं सांगितलं, ‘सर, होमवर्क खंदक में गिर गया।’ त्या आठवड्याचे समोसे मी खाल्ले.

*

माझ्या नववीत कुसुम होती. मूळची भंडाऱ्याकडची, वडील फॅक्टरीत. पीटीचा तास आला की म्हणायची, ‘सर, हाडं दुखून राहिली.’

पीटीचे तिवारी सर हसून म्हणाले, ‘नौवीं में गठिया!’ वहीत ‘संधिवात’ म्हणून तिची पहिली नोंद झाली. नंतर तिच्यासाठी वेगळं पानच ठेवावं लागलं.

*

एका तासात ती तीनतीनदा पाणी प्यायला जायची. वैतागून मी म्हटलं, उद्यापासून घरून मटकाच घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी ती खरंच सुरई घेऊन आली आणि बाकाखाली नीट ठेवली. वर्ग हसला, मीही हसलो. वहीत मी लिहिलं, ‘आज्ञाधारक.’ तेही समोसे मलाच मिळाले.

*

तिचे डोळे पिवळट दिसायचे. मी भर वर्गात विचारलं, हळद लागली की काय, लग्न कधी आहे? हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

*

डिसेंबरातली ड्रिल. सायरन वाजला की धावत खंदकात जायचं, पालथं पडायचं. कोणता वर्ग आधी पोचतो याची मास्तरांमध्ये चुरस असायची. थंडी मरणाची होती. कुसुम वाटेतच बसली आणि माझा वर्ग शेवटचा आला.

सगळ्यांना आत पाठवून मी तिला एकटीला दोनदा धावायला लावलं, हातात घड्याळ धरून. ती धावली. त्यानंतर तीन आठवडे ती आलीच नाही. वडील दवाखान्याचा कागद घेऊन आले, मुलगी अंथरुणाला खिळली म्हणाले. ते गेल्यावर मी वहीत लिहिलं, ‘बापही सामील.’

दहावीला तिनं नाव घातलंच नाही. काहून, हे आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही.

*

वीसेक वर्षांनी सरकारकडून एक डॉक्टरीणबाई शाळेत आल्या, मास्तरांना सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, समजावायला. त्यांनी फळ्यावर लक्षणं लिहिली. हाडं दुखतात. सारखं पाणी प्यावं लागतं. डोळे पिवळे होतात. थंडीनं आणि धावपळीनं त्रास वाढतो.

बाईंनी विचारलं, असं कुठे पाहिलंय का? तिवारी सरांनी माझ्याकडे बघितलं. फळ्यावर जणू आमच्या वहीतलं कुसुमचं पान उतरवलं होतं.

*

कुसुमचा पत्ता काढला. जबलपूरच्याच गढा भागात राहत होती, नवऱ्याचं किराण्याचं लहानसं दुकान. माफीची वाक्यं मी वाटभर घोकली होती. तिनं ओळखलं, खुर्ची दिली, चहा टाकला. मागे खाटेवर दहाएक वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डोळे तसेच पिवळे.

मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, ‘बरं झालं आले सर. पोरीच्या शाळेत म्हणतात, नाटक करून राहिली. डॉक्टरचा कागद दाखवला, तरी माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही मास्तर आहे, तुमचं ऐकतील. दोन ओळी लिहून द्या नं.’

तिनं कागद पुढे केला. मी लिहिलं, ‘यह लड़की बहाना नहीं कर रही है।’ खाली सही केली, नाव घातलं, हुद्दा घातला. माफी राहूनच गेली.

कुसुमनं उभ्यानं ते सावकाश वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

‘अच्छा. खाली अजून एक ओळ टाका, सर. हिचं नाव वहीत लिहू नका म्हणून.’