लिटरला सात

बाबांची डिझेल जीप पंधरा वर्षं उलटून गेलेली. पुन्हा पासिंग करून घेतलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना ती विकून टाकायला सांगितलं. पण बाबांचा जन्म धरणांच्या कामांवर, डोंगरात सर्व्हेची गाडी चालवण्यात गेलेला. बाकीच्या गाड्या त्यांना खेळण्यातल्या वाटत. शिवाय जीपला आता काम होतं. आत्याचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीचं, डायलिसिस सुरू झालेलं. आठवड्यातून दोनदा वर्तकनगरहून डोंबिवलीला जायचं, तिला ठाण्याच्या हॉस्पिटलात आणायचं आणि संध्याकाळच्या आत परत सोडायचं. बाबा चालवायचे, मी सोबत.

टाकी भरली की ते ॲव्हरेज काढायचे. गाडी लिटरला अकरा किलोमीटर द्यायची. गणपतीनंतर ती नऊवर आली. बाबांनी टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला, शिळफाट्याच्या ट्रॅफिकला दोष दिला. दिवाळीनंतर सात.

एका सकाळी त्यांनी बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढून मला दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं.

"दोन महिन्यांत थेंब घातलेला नाही मी," ते म्हणाले. "आणि हे वाढतंय."

त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि पुसून ठेवली.

कळव्याच्या मेकॅनिकने ते ऑइल बोटांत चोळून पाहिलं. "काका, डिझेल पंपाचं सील गेलंय. डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतंय. तुमचं ॲव्हरेज इथे जातंय."

"चालवली तर?"

"ऑइल फार वाढलं की इंजिन ते स्वतःच वर ओढून जाळायला लागतं. मग चावी बंद करा, काही करा, थांबत नाही. फुटेपर्यंत पळतं."

पंप उतरवून बाहेर पाठवावा लागणार होता. दहा-बारा दिवस गाडी उभी. तेवढ्यात आत्याच्या तीन-चार फेऱ्या आल्या असत्या. एकदा टॅक्सीत तिला उलटी झाली होती आणि ड्रायव्हरने आम्हाला मुंब्रा बायपासला भर उन्हात उतरवलं होतं. ते बाबा विसरले नव्हते. "तिला पुन्हा रस्त्यावर नाही उभी करणार," एवढंच म्हणाले.

त्यांनी स्वतःचा उपाय काढला. दर रविवारी जीपखाली आडवं होऊन, नट ढिला करून, जास्तीचं ऑइल खुणेपर्यंत काढून टाकायचं. डबा दर रविवारी जरा जास्तच भरायचा. मला ते दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

मग एका शनिवारी त्यांना ताप आला. रविवारी अंथरुणातूनच म्हणाले, "आज तू काढ गं. नट हळू सोड, गरम नसेल."

मी खाली पार्किंगमध्ये गेले. पट्टी पाहिली. वरच्या खुणेच्या बोटभर वर. जीपखाली आदल्या दिवशी गाड्या धुतल्याचं पाणी साचलेलं, माझ्या अंगावर धुतलेले कपडे. एका आठवड्याने काय होतंय, असं वाटलं आणि मी वर आले.

मंगळवारी ताप उतरला होता. निघताना बाबांनी विचारलं, "काढलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर, शिळफाटा ओलांडून कल्याणच्या रस्त्याला लागलो आणि पुढे गाड्या तुंबल्या. बाबांनी गाडी न्यूट्रलला घेतली. इंजिनचा आवाज खाली यायला हवा होता. तो चढला. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. त्यांनी चावी फिरवून काढूनच घेतली, तरी आवाज चढतच राहिला. मागून पांढऱ्या धुराचा लोट आला आणि मागची रिक्षा त्यात दिसेनाशी झाली.

"आत्याला उतरव," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता.

मी मागचं दार उघडलं. डायलिसिसनंतर आत्याच्या पायांत जीव नसायचा. "अगं, काय झालं?" ती विचारत राहिली. मी तिला काखेत धरून अक्षरशः ओढलं. एका भाजीवाल्या बाईने येऊन तिचे पाय उचलून धरले. जीप आता नुसती किंचाळत होती, सगळा पत्रा थरथरत होता. बाबा ब्रेकवर उभे राहिल्यासारखे बसले होते, आम्ही लांब होईपर्यंत आरशात बघत.

मग इंजिन कोंडून बंद पडावं म्हणून, ब्रेक तसाच दाबून ठेवत त्यांनी चौथा गिअर घातला आणि क्लच सोडला. जीपने हातभर उडी घेतली, खाली काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि इंजिन मेलं.

बाबांचा पाय ब्रेकवरून निघेना. मी धावत येऊन दोन्ही हातांनी उचलून तो खाली ठेवला.

जीप टो करून कळव्याला नेली. मेकॅनिकने विचारलं, "काका, ऑइल किती होतं?"

"बरोबर खुणेवर," बाबा म्हणाले. "हिने परवाच काढलेलं."

तो पुन्हा इंजिनवर वाकला. "मग असं व्हायला नको होतं."

मी तिथेच उभी होते. बोलायची ती वेळ होती. बोलले नाही.

जीप भंगारात गेली. आत्याला आता शेजारचा रिक्षावाला आणतो. बाबा तिच्या बाजूला बसून असतात. त्यानंतर ते कोणतीच गाडी चालवत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "माझा अंदाज चुकायला लागलाय. मोजलेल्यावरही भरवसा नाही." त्यांच्या रिकाम्या हातांकडे मला बघवत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी लायसन्स कपाटातून काढलं आणि नूतनीकरणाची तारीख बघून परत ठेवून दिलं.